अर्धा किलो द्या, रश्श्याचं

मटणाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दोन गोष्टी सांगतं: किती हवं आणि कशासाठी हवं. 'अर्धा किलो द्या, रश्श्याचं.' 'एक किलो, बिर्याणीला, तुकडे मोठे ठेवा.' 'पाव किलो अळणीसाठी, घरात बाळंतीण आहे.' यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची असते. जनावराचा कुठला भाग काढायचा, तुकडा केवढा करायचा, हाड किती घालायचं, चरबी ठेवायची की काढायची हे सगळं तिच्यावरून ठरतं. अलीकडे मात्र बरीच तरुण गिऱ्हाइकं फक्त वजन सांगतात आणि म्हणतात, 'मांडीचं द्या, चरबी नको, हाड कमी.' घरी जाऊन त्याचा रस्सा करतात, तो पाणचट होतो आणि दोष मसाल्याला जातो.

कोल्हापुरात आमचं मटणाचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बघतो. दुकानात उभं राहून जे शिकायला मिळालं आणि पुढे वाचून ज्याची कारणं कळली, ते या लेखात मांडतो आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. मटण थोडं खावं, पण अख्ख्या जनावराचं खावं आणि वाटून खावं. आपल्या आधीच्या पिढ्या असंच खात आल्या. त्यामागे तंगी होती हे खरं, पण मोठं शहाणपणही होतं.

माळापासून तराजूपर्यंत

मटणाची गोष्ट माळावर सुरू होते. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 14 कोटी 89 लाख शेळ्या आणि 7 कोटी 43 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. आपल्याकडच्या शेळ्यांत उस्मानाबादी सर्वांत नावाजलेली. रंगानं बहुतेक काळी, दुष्काळातही तग धरणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. याशिवाय संगमनेरी, कोकण कन्याळ आणि विदर्भातली बेरारी या जाती आहेत. मेंढ्यांत दख्खनी मेंढी मुख्य. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या कमी पावसाच्या मुलखात धनगरांच्या कळपांनी ती टिकवली. त्यांचे कळप पावसामागे, चाऱ्यामागे मैलोन्‌मैल फिरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि त्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे देतात, कारण लेंडीखतानं जमीन सुधारते. लोकरीची घोंगडी होते. कोरडवाहू शेतकऱ्याकडे दावणीला चार शेळ्या असतात त्या अडीनडीसाठी. दवाखान्याचं बिल आलं, शाळेची फी भरायची झाली की एखाद्या बोकडाला बाजार दाखवतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या मुलखासाठी मोठं काम केलं आहे. बंगालच्या सुंदरबन भागातल्या गारोळे नावाच्या लहानखुऱ्या मेंढीत एक जनुक असतं, त्यामुळे ती एका वेळी दोन कोकरं देते. ते जनुक दख्खनी मेंढीत आणून संस्थेनं 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. एकाऐवजी दोन कोकरं मिळणं म्हणजे मेंढपाळाच्या वर्षाच्या हिशेबात किती फरक, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही आटपाडी, सांगोला, लोणंद, पेठ वडगाव अशा बाजारांतून जनावर घेतो. बाजारात जनावर डोळ्यांनी कमी आणि हातानं जास्त पाहायचं असतं. कण्यावर बोटं फिरवली की मांस किती भरलं आहे ते कळतं. मणके टोचले तर जनावर उपाशी, बोट मऊ रुतलं तर चरबी जास्त. मग ओठ वर करून दात पाहायचे. दुधाचे दात असतील तर कोवळं. पुढचे दोन पक्के दात आले असतील तर साधारण वर्ष ते दीड वर्षाचं. वय इतकं पाहायचं कारण मांसातल्या धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन. कोवळ्या जनावरात ते लवकर विरघळतं. वय वाढतं तसे त्याचे दुवे पक्के होत जातात आणि मटण चिवट लागतं.

आता दराबद्दल. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, लोक रस्त्यावर उतरले, बैठकांवर बैठका झाल्या. कोल्हापूरकराला मटण किती जवळचं आहे ते त्यातून दिसलं, आणि दर कसा बनतो हे फार थोड्यांना माहीत आहे हेही दिसलं. पंचवीस किलोचं बोकड घेतलं तर मुंडी, पाय, कातडं, पोटातले अवयव आणि पोटातला चारा वजा जाता टांगलेलं मटण 11 ते 12 किलो भरतं. जात, वय आणि अंगातल्या मांसाप्रमाणे हे प्रमाण 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास फिरतं. त्यातही साधारण पाव हिस्सा हाडाचा. म्हणजे जिवंत वजनाला किलोमागे जो दर पडला, त्याच्या दुपटीहून जास्त खर्च मटणाच्या किलोवर आधीच बसलेला असतो. वाहतूक, कत्तलखान्याची फी, कामगार आणि वीज त्याच्या वर. मुंडी, पाय, कलेजी, वजडी (जठर-आतडी) आणि कातडं विकून त्यातलं काही भरून निघतं. कातड्याला पूर्वीसारखी किंमत राहिलेली नाही आणि वजडी-मुंडी घेणारी घरं कमी होत चालली आहेत. जनावराचा जेवढा भाग लोक नाकारतात, तेवढं ओझं उरलेल्या मटणाच्या दरावर येतं. फक्त मांडी मागणाऱ्या गिऱ्हाइकानं हे लक्षात घ्यायला हवं.

कुठला भाग कशाला

जनावर ज्या स्नायूंनी चालतं, मान वळवतं, अंग तोलतं, त्या स्नायूंना जास्त काम पडतं. तिथे कोलॅजन जास्त असतं. मांस आधी चिवट लागतं, पण नीट शिजलं की चव तिथलीच जास्त. ज्या स्नायूंना काम कमी, ते मऊ असतात आणि लवकर शिजतात. एवढं एक सूत्र धरलं की दुकानात काय मागायचं ते समजतं.

कण्याच्या दोन्ही बाजूंचे चाप सगळ्यांत मऊ. तव्यावर परतायला, तळायला तेच घ्यावेत. मांडीत मांसाचे मोठे गोळे असतात, हाड एकच, चरबी कमी. सुक्क्याला, बिर्याणीच्या मोठ्या तुकड्यांना, खिम्याला मांडी चांगली. खांद्यात पडदे आणि शिरा जास्त असतात. मंद आचेवर तासभर शिजला की खांद्याचा तुकडा असा सुटतो की मांडीची आठवण होत नाही. सीना, म्हणजे छातीचा भाग, यात मांस, चरबी आणि कूर्चा यांचे थर असतात. रश्श्यावर जो तवंग येतो आणि जी चव जिभेवर रेंगाळते ती बरीचशी सीन्याची. मान स्वस्तात पडते आणि सुपाला उत्तम. नळीत मगज असतो. पायात मांस जवळजवळ नाहीच, पण कोलॅजन एवढं असतं की पायाचं सूप गार झालं की थिजतं.

म्हणून आमच्याकडे कोणी 'रश्श्याचं' म्हटलं की आम्ही खांदा, सीना, थोडी मांडी, दोन नळ्या आणि मानेचा एखादा तुकडा असं मिसळून देतो. त्यात हाड आहे म्हणून गिऱ्हाइकाला फसवलं असं वाटून घेऊ नये. हाडाशिवाय रस्सा होत नाही. दुकानदार चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर हाड कसं तोडलं आहे ते पाहा. सत्तुराचा एक घाव नेमका सांध्यावर किंवा हाडावर बसला पाहिजे. त्याच जागी दोनदा-तीनदा मारलं की हाडाचा चुरा होतो आणि तो रश्श्यात दाताखाली येतो. त्यासाठी खालचा ओंडकाही तसाच लागतो. आम्ही चिंचेचा वापरतो. चिंचेचं लाकूड चिवट आणि घट्ट असतं, त्याच्या ढलप्या सहज निघत नाहीत. रात्री दुकान बंद करताना ओंडका खरवडायचा, जाड मीठ चोळायचं आणि कोरडा होऊ द्यायचा, हा नेम आजोबांपासून चालत आला आहे. मीठ ओलावा शोषून घेतं आणि ओलावा गेला की जंतूंची वाढ मंदावते.

रस्सा म्हणजे पुरवण्याची कला

कोल्हापूरचा तांबडा-पांढरा आता देशभर हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो. त्याचा मसाला सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामागचा हिशेब मात्र विसरला जातो. आमच्याकडे घरोघरी मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलावर परततात आणि त्याच्या अंगच्या पाण्यात शिजायला ठेवतात. पातेल्यावर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवतात. आतली वाफ ताटाला लागून थंड होते आणि पुन्हा मटणावर पडते, त्यामुळे ते करपत नाही. ताटातलं पाणी तोवर गरम होतं, तेच लागेल तसं आत घालतात. गार पाणी घातलं तर उकळी बसते आणि शिजायला वेळ लागतो.

या शिजवण्यातून जे पाणी तयार होतं ते अळणी. साधारण 70 अंश सेल्सियसच्या वर बराच वेळ राहिलं की कोलॅजन विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. अळणीला जो दाटपणा, ओठांना किंचित चिकटणारा गुण असतो तो या जिलेटिनचा. अळणीची एक वाटी लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, आजारी माणसाला आधी दिली जाते. उरलेल्या अळणीचे दोन भाग होतात. एकात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण जातं, तो पांढरा रस्सा. नारळाचं दूध घातल्यावर त्याला जोराची उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर ते फुटतं. दुसऱ्या भागात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला जातो, तो तांबडा. मटणाचे तुकडे सुके परततात.

म्हणजे एकाच अर्ध्या किलोतून चार पदार्थ निघाले आणि पाच-सहा माणसांचं घर पोटभर जेवलं. प्रत्येकाच्या वाट्याला तुकडे तीन-चारच आले, पण चव प्रत्येक घासाला पोचली. मटणाची चव पाण्यात आणि चरबीत उतरवून ती भाकरीबरोबर घरभर पुरवायची, ही रश्श्याची खरी कामगिरी आहे. कुकरमध्ये मटण 120 अंशांच्या आसपास शिजतं, वेळ आणि गॅस वाचतो, ते करण्यात काही गैर नाही. फक्त मांडीचं मटण कुकरमध्ये जास्त शिट्ट्या खाऊन तंतुमय होतं आणि खांद्या-सीन्याचं तसं लवकर होत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

ताजं कशाला म्हणायचं

गिऱ्हाईक विचारतं, 'ताजं आहे ना?' ते पाहायचं कसं हे शिकून घ्या. मटणाचा रंग गुलाबी ते लाल असावा, चरबी पांढरी आणि घट्ट असावी. बोटानं दाबलं तर खळगा भरून यावा. हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर घेऊ नये. पिशवीत जे लाल पाणी साठतं त्याला लोक रक्त समजतात. कापताना जनावराच्या अंगातलं बहुतेक रक्त निथळून गेलेलं असतं. हे पाणी मांसातलंच असतं आणि त्याला रंग येतो तो मायोग्लोबिन या प्रथिनामुळे. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणं हे त्याचं काम. हवा लागली की ते लालभडक दिसतं, बराच वेळ उघडं राहिलं की तपकिरी होतं.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना नवलाची वाटते. मटण अगदी ताजं असूनही चिवट लागू शकतं. जनावर कापल्यावर स्नायूंतली साखर संपत जाते आणि तिचं लॅक्टिक आम्ल होतं. स्नायूंना सैल व्हायला लागणारी ऊर्जा संपली की सगळे धागे आखडून एकमेकांत अडकतात. ही अवस्था काही तासांनी येते आणि ती असताना शिजवलेलं मटण चिवट लागतं. पुढे मांसातलीच विकरं त्या धाग्यांना हळूहळू सैल करतात. म्हणून आपल्याकडे दोन रीती पडल्या. एक तर सकाळी कापलेलं लगेच चुलीवर चढवायचं, नाहीतर आजच्या काळात ते फ्रिजमध्ये एक दिवस ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवायचं. सकाळी घेतलेलं मटण उन्हात गाडीच्या डिकीत फिरवून संध्याकाळी शिजवणं हे सगळ्यांत वाईट. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. आपला उन्हाळा नेमका त्याच टापूत येतो.

दही किंवा आलं लावून ठेवण्याचा उपयोग होतो, कच्च्या पपईचा तर फारच. पपईतलं पेपेन प्रथिनांचे धागे तोडतं. ती चमचाभर पुरे. जास्त लावली तर तुकड्याचा वरचा थर पिठूळ होतो.

जनावर कुठलं आहे ते विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. टांगलेल्या जनावराची शेपटी आम्ही केसांसकट तशीच ठेवतो, ती पाहून शेळी की मेंढी ते कळतं. नर आहे हे कळावं म्हणून वृषणंही काढत नाही. पुण्याकडे वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरं शेळीचं मटण खात नाहीत, त्यांना मेंढीचंच लागतं. म्हणून तिकडच्या दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशी पाटी असते. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाला उग्र वास येतो, तो त्याच्या चरबीतल्या काही खास आम्लांचा. मसाल्यानं तो झाकायचा प्रयत्न करू नये, घेतानाच वास घेऊन पाहावं. जनावराची कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकानं तपासणी केलेली असावी, मटणावर कत्तलखान्याचा शिक्का असावा, दुकानात अन्नसुरक्षा परवाना आणि काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर दिसावी. हे विचारलं म्हणून चांगला दुकानदार रागावत नाही.

घरी आणल्यावर मटण नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, भाजीवर उडतात आणि जंतू त्यांच्याबरोबर पसरतात. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं धुवा. हात, सुरी आणि पाट साबणानं धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरायला घेऊ नका. फ्रिजमध्ये ठेवायचं तर झाकणाच्या डब्यात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात.

ज्याला लोक नको म्हणतात

2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हा आकडा मला सतत आठवतो, कारण मांस खाणाऱ्या घरांतही बाईच्या ताटात शेवटी रस्साच उरतो. अळणी, रस्सा, पायाचं सूप यांत चव आणि ऊब असते, पण लोह फार थोडं असतं, आणि हाडं उकळली म्हणून पाण्यात भरपूर कॅल्शियमही उतरत नाही. लोह तुकड्यात असतं. मांसातलं लोह साधारण 15 ते 35 टक्के अंगी लागतं, भाजी-धान्यातलं बऱ्याचदा दहा टक्क्यांच्याही आत. शिवाय मांसाचा थोडा तुकडा जेवणात असला तर त्याच ताटातल्या भाकरी-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. वर लिंबू पिळलं तर आणखी भर. म्हणून मटणाच्या दिवशी घरातल्या मुलींच्या आणि बायकांच्या ताटात तुकडे आधी पडले पाहिजेत. ही गोष्ट मी दुकानात सांगतो आणि इथेही सांगतो.

कलेजी तर लोह, ब-12 आणि अ जीवनसत्त्वानं भरलेली. ती झटपट परतायची, जास्त शिजवली की रबरासारखी होते. अ जीवनसत्त्व इतकं जास्त असतं की गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कलेजी खाऊ नये. ज्यांना युरिक आम्लाचा, सांधे सुजण्याचा त्रास आहे त्यांनी कलेजी, गुर्दा, भेजा टाळावा. बाकीच्यांसाठी हे भाग स्वस्तही आहेत आणि पौष्टिकही. वजडी साफ करणं कष्टाचं काम. गरम पाण्यात बुडवून वरचा काळा पापुद्रा खरवडायचा आणि पुन्हा पुन्हा धुवायचं. पण नीट साफ केलेल्या वजडीचा रस्सा आणि भाकरी जेवलेला माणूस तिला नावं ठेवत नाही. आमच्या भागात रक्ती-मुंडी आवडीनं खाणारे अजून आहेत, विशेषतः जुनी माणसं.

जनावराचा उरलेला भागही वाया जात नसे. शेळीच्या कातड्यानं तबला आणि ढोलकी मढवली जाते. मेंढीच्या आतड्याच्या आतल्या थरापासून शस्त्रक्रियेत टाके घालायचा धागा बनत असे. तो शरीरात आपोआप विरघळतो. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी कृत्रिम धाग्यांनी घेतली आहे.

वार, सण आणि वाटे

आमच्या धंद्याची वही उघडली तर महाराष्ट्राचं पंचांग वाचायला मिळतं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. हे दिवस थंड. बुधवार, शुक्रवार बरे, रविवार सगळ्यांत मोठा. आषाढात आखाडाची जेवणं, दीप अमावास्येला तोबा गर्दी आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की दुकान शांत. काही घरं श्रावण पाळतात, काही थेट दसऱ्यापर्यंत थांबतात. संक्रांतीची कर, होळीनंतरची धुळवड, गावोगावच्या जत्रा, खंडोबा-बिरोबाचे नवस, बकरी ईद अशी वर्षभर भरती-ओहोटी चालते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बायका घरात मटण शिजू देत नाहीत.

हे वार आणि व्रतं श्रद्धेनं पाळली जातात आणि त्यांचा मान आहेच. त्यातून एक फायदाही होत आला. मांस खाणारं घरसुद्धा आठवड्यातून एखाद-दोन वेळाच खात असे. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे की शिजवलेलं लाल मांस आठवड्याला 350 ते 500 ग्रॅमच्या आत ठेवावं. आपल्या जुन्या घरांत माणशी एवढं मटण कधी होतच नसे. आता रोज रात्री हॉटेलातून मागवून खाणारी मुलं मी पाहतो. मटण विकणं हा माझा धंदा आहे, तरी मी त्यांना सांगतो की रोज खाऊ नका.

खेड्यांत अजून वाटे घालायची रीत आहे. जत्रेला किंवा धुळवडीला आठ-दहा घरं मिळून एक बकरं घेतात. पूर्वी गावचा मुलाणी ते कापून देई आणि त्याचा मान म्हणून ठरलेला हिस्सा घेई. गावगाड्यातल्या बलुत्यांपैकी हे एक काम. मग अंगणात केळीची किंवा पळसाची पानं मांडतात आणि प्रत्येक पानावर ढीग लागतो. मांडीचा तुकडा प्रत्येकात, सीन्याचा प्रत्येकात, नळी, कलेजी, वजडी, चरबी सगळं थोडं थोडं. ज्यानं वाटे घातले तो आपला वाटा शेवटी उचलतो, त्यामुळे हात आपोआप सरळ चालतो. तिथे कोणी 'मला फक्त मांडी' म्हणू शकत नाही. पाटलाच्या ताटात आणि मजुराच्या ताटात त्या दिवशी एकच मटण असतं. अख्खं जनावर खाण्याची आणि वाटून खाण्याची याहून चोख पद्धत मी पाहिलेली नाही.

शहरात वाटे घालणं सगळ्यांना जमणार नाही. पण एवढं कोणालाही जमेल: पुढच्या वेळी दुकानात गेलात की वजनाच्या आधी पदार्थ सांगा, आणि भाग दुकानदाराला निवडू द्या. महिन्यातून एकदा मांडीऐवजी खांदा, पाया किंवा वजडी न्या आणि ती कशी करायची ते घरातल्या आजीला विचारा. 2018 पासून महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा घरून झाकणाचा स्टीलचा डबा आणा. आणि जेवायला बसल्यावर पहिला तुकडा घरातल्या लेकीच्या ताटात वाढा.